फ्रीलान्सरांच्या संघटनेने दर-मार्गदर्शिका काढावी का? स्पर्धा कायद्याच्या दृष्टीने एक सविस्तर उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संपादक, अनुवादक आणि चित्रकार अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांची एक संघटना आहे आणि तिचे सदस्य निरनिराळ्या देशांत राहतात. नवख्यांना किती पैसे मागावेत हे कळत नाही, अनुभवी सदस्यांना आपण कमी तर घेत नाही ना अशी शंका असते, म्हणून संघटनेने एका दर-मार्गदर्शिकेचा मसुदा केला आहे. त्यात ‘शिफारस केलेले किमान दर’ असा तक्ता आहे, त्याखाली ‘सदस्यांनी यापेक्षा कमी दराने काम स्वीकारू नये’ अशी ओळ आहे, आणि सोबत प्रत्येकाने आपले नाव, ग्राहकाचे नाव व पुढच्या वर्षी आकारणार असलेला दर भरायचा एक सामायिक तक्ता आहे. एका सदस्याने हे स्पर्धा कायद्याच्या, म्हणजे स्पर्धकांनी आपापसांत किंमत ठरवू नये असे सांगणाऱ्या कायद्याच्या, विरुद्ध असल्याचा आक्षेप घेतला आहे. इतरांचे म्हणणे असे की, आम्ही एकेकटे काम करणारे लोक, समोर मोठमोठ्या कंपन्या, तेव्हा हा कायदा आमच्यासाठी असूच शकत नाही.

व्यावसायिक संघटनांना याच विषयावर सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि माझे उत्तर असे की आक्षेप घेणारा सदस्य बरोबर आहे. मात्र त्याच्या आक्षेपावरून ‘दरांविषयी बोलणेच बेकायदा’ असा जो अर्थ काही जणांनी काढलेला दिसतो, तो बरोबर नाही. मसुद्यातील तक्ता वेगळ्या पायावर पुन्हा करावा लागेल, त्याखालची ओळ काढून टाकावी लागेल, आणि सामायिक तक्ता आहे त्या स्वरूपात एक दिवसही सुरू ठेवता येणार नाही.

प्रथम ‘हा कायदा आमच्यासाठी नाही’ या समजुतीकडे वळतो, कारण बाकीचे सारे गैरसमज तिच्यातूनच निघतात. जो माणूस स्वतःच्या जोखमीवर काम घेतो, आपला दर आपण ठरवतो आणि निरनिराळ्या ग्राहकांना सेवा विकतो, तो स्पर्धा कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यवसाय असतो. मग त्याच्या हाताखाली एकही माणूस नसला तरी फरक पडत नाही. एकाच प्रकारची सेवा देणारे असे दोन व्यवसाय हे परस्परांचे स्पर्धक ठरतात. युरोपीय संघाच्या मूळ करारातील अनुच्छेद १०१, अमेरिकेचा १८९० चा शर्मन कायदा आणि भारताचा २००२ चा स्पर्धा कायदा यांची भाषा वेगवेगळी असली, तरी या मुद्द्यावर त्यांचा रोख एकच आहे. भारतीय कायद्याच्या कलम ३(३) मध्ये सारख्या व्यवसायातील व्यक्तींमधील करारांबरोबरच संघटनेने घेतलेले निर्णयही येतात, ‘करार’ लेखी असावा लागत नाही, आणि प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे किंमत ठरवणाऱ्या कराराचा स्पर्धेवर विपरीत परिणाम होतो असे कायदा गृहीतच धरतो. ते खोडून काढण्याचा भार आरोप झालेल्यांवर पडतो. आकाराने लहान असण्याचाही येथे फारसा उपयोग होत नाही. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये किरकोळ महत्त्वाच्या करारांविषयी जी सूचना काढली, तिच्यातील सवलत किंमत ठरवणाऱ्या करारांना मिळत नाही.

नोकरदारांची गोष्ट वेगळी का, हा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. पगारासाठी एकत्र येऊन वाटाघाटी करणाऱ्या कामगारांना बहुतेक देशांत स्पर्धा कायद्यातून वगळलेले आहे. अमेरिकेच्या १९१४ च्या क्लेटन कायद्याने तर माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नाही असे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. कामगार हा मालकाच्या संस्थेचा भाग असतो, स्वतंत्रपणे बाजारात उतरलेला विक्रेता नसतो, असा त्यामागचा विचार आहे. फ्रीलान्सर त्या वर्तुळाच्या बाहेर राहतो. आर्थिकदृष्ट्या त्याची स्थिती कित्येकदा नोकरदारापेक्षाही नाजूक असते, हे मला मान्य आहे, आणि कायद्याने ही रेषा फार ढोबळ आखली आहे असेही माझे मत आहे. पण ही रेषा आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलेल्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

वॉशिंग्टनमधील वकिलांचे प्रकरण यासाठी मी नेहमी सांगतो. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणारे सुमारे शंभर खासगी वकील तेथे होते. न्यायालयातील कामाला ताशी ३० डॉलर आणि बाहेरच्या कामाला ताशी २० डॉलर हा त्यांचा दर १९७० पासून तसाच होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दरवाढ मिळेपर्यंत नवी प्रकरणे न घेण्याचा सामूहिक निर्णय घेतला. थोड्याच दिवसांत यंत्रणा कोलमडायला आली आणि दर ३५ डॉलर झाला. येथे वकिलांची कमाई तुटपुंजी होती, ग्राहक म्हणजे खुद्द सरकार होते, आणि चांगल्या वकिलीसाठी चांगला मोबदला हवा हे कारणही पटण्यासारखे होते. तरीही १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा किंमत वाढवण्यासाठी केलेला बहिष्कारच आहे आणि तो मुळातच बेकायदा आहे असा निर्णय दिला. हेतू चांगला असल्याने किंवा समोरचा पक्ष बलाढ्य असल्याने बचाव होत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे दुसरे प्रकरण मला ठाऊक नाही.

तुमच्या मसुद्याला अधिक जवळचे प्रकरण १९७५ चे, गोल्डफार्ब या नावाने ओळखले जाणारे. व्हर्जिनिया राज्यातील एका जोडप्याला घर घेताना मालकी-हक्काची तपासणी वकिलाकडून करून घ्यायची होती. स्थानिक वकील संघटनेने किमान शुल्काचे पत्रक काढलेले होते आणि त्यानुसार घराच्या किमतीच्या एक टक्का शुल्क होत होते. त्यांनी ३६ वकिलांना पत्रे लिहिली; १९ जणांनी उत्तर दिले, आणि एकानेही पत्रकातील दराखाली काम करण्याची तयारी दाखवली नाही. पत्रक केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, असा बचाव झाला. पण जो वकील नेहमीच पत्रकाखाली शुल्क घेतो त्याचे वागणे व्यावसायिक नीतीला सोडून असल्याचे मानले जाईल, असे मत राज्याच्या वकील संघटनेने दिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने हे किंमत ठरवणेच आहे असे म्हटले. युरोपमध्ये बेल्जियमच्या वास्तुविशारदांच्या संघटनेने किमान शुल्काची शिफारस केली, तेव्हा युरोपीय आयोगाने २००४ मध्ये तिला १ लाख युरो दंड केला. परिषदांमध्ये भाषांतर करणाऱ्या दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे दरविषयक नियम अमेरिकेत स्पर्धा कायदा राबवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ मध्ये बेकायदा ठरवले. अनुवादक सदस्यांनी या प्रकरणाची विशेष नोंद घ्यावी. आणि कुणी कमाल दर ठरवण्याचा उपाय सुचवत असेल, तर तोही चालत नाही, हे अमेरिकेतील मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांच्या प्रकरणात १९८२ मध्येच निश्चित झाले आहे.

या सगळ्या प्रकरणांत तपासला जाणारा मूळ मुद्दा एकच आहे: प्रत्येकाने आपला दर स्वतःच ठरवला, की दुसरे काय आकारणार हे कळल्यावर, किंवा दुसऱ्याला वचन देऊन, ठरवला? ग्राहकाला दोन दरांतून निवड करता यावी आणि ते दोन दर परस्परांना न विचारता ठरलेले असावेत, एवढेच कायदा पाहतो. म्हणून ‘गेल्या वर्षी अशा कामाला साधारण किती मिळाले’ ही माहिती आणि ‘पुढच्या वर्षी सगळ्यांनी किती घ्यावे’ ही सूचना यांत फार मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट बाजाराची माहिती देते, दुसरी बाजार ठरवते. तुमच्या मसुद्यातला तक्ता दुसऱ्या प्रकारचा आहे. शीर्षकात ‘शिफारस’ शब्द असला तरी त्याने फरक पडत नाही, आणि खालची ‘काम स्वीकारू नये’ ही ओळ तर त्या शिफारशीला आदेशाचे रूप देते.

पहिल्या प्रकारची माहिती नीट गोळा कशी करावी, यावर वेळ घालवणे योग्य ठरेल, कारण संघटनेला खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. दरांचे सर्वेक्षण जरूर करा. पण आकडे सदस्यांनी एकमेकांना न देता बाहेरच्या, या व्यवसायात नसलेल्या व्यक्तीकडे वा संस्थेकडे द्यावेत, आणि मूळ नोंदी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनाही दिसू नयेत. पदाधिकारीही त्याच बाजारात काम घेत असतात, हे सहसा विसरले जाते. प्रत्यक्ष मिळालेले, पूर्ण झालेल्या कामाचे दर विचारावेत. कोटेशनमधले, अपेक्षित किंवा येत्या हंगामातले विचारू नयेत. प्रसिद्ध करताना फक्त एकत्रित आकडे द्यावेत, आणि एखाद्या गटात उत्तरे इतकी कमी असतील की जाणकाराला माणूस ओळखता येईल, तर तो गटच वगळावा. दुर्मीळ भाषाजोडी किंवा विशिष्ट शैलीचे चित्रकार यांच्या बाबतीत हा धोका खराखुरा असतो.

‘कमी’ म्हणजे किती, असे विचारले जाईल. अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि फेडरल ट्रेड कमिशनने आरोग्यसेवा क्षेत्रासाठी एक सुरक्षित चौकट सांगितलेली होती: सर्वेक्षण त्रयस्थाने करावे, आकडे तीन महिन्यांहून जुने असावेत, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच जणांची माहिती असावी, आणि त्यात कुणा एकाचा वाटा २५ टक्क्यांहून अधिक नसावा. इतर अनेक व्यवसायांतील संघटनाही वर्षानुवर्षे हीच चौकट वापरत आल्या. मात्र २०२३ मध्ये या दोन्ही संस्थांनी ती मागे घेतली. माहितीवर प्रक्रिया करण्याची साधने आता इतकी बदलली आहेत की जुने, एकत्रित आकडेही संगनमताला पुरेसे ठरू शकतात, असे त्यामागचे कारण होते. त्यामुळे आज ही चौकट किमान शिस्त म्हणून पाळावी, पण तिला अभयदान समजू नये. मी स्वतः वर्षातून एकदाच सर्वेक्षण करावे, आकडे किमान काही महिने जुने होऊ द्यावेत आणि प्रत्येक गटात पाचापेक्षा बरीच अधिक उत्तरे असावीत असे सुचवतो.

निकाल कसा मांडला जातो यालाही तितकेच महत्त्व आहे. एकच सरासरी आकडा दिला, तर वाचणारा त्याला ‘योग्य दर’ समजतो आणि सगळे हळूहळू त्या आकड्याकडे सरकतात. त्याऐवजी पसारा दाखवावा: खालच्या पाव भागाने किती घेतले, मध्यावर किती होते, वरच्या पाव भागाने किती घेतले, आणि अनुभव, विषय, तातडी यांनुसार फरक किती पडला. असा तक्ता नवख्याला अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला एका आकड्याऐवजी निवडीची कारणे दिसतात. तो सदस्यांपुरता न ठेवता सर्वांसाठी खुला ठेवावा. तोच तक्ता ग्राहकालाही उपलब्ध असला, तर तो संगनमताचे साधन आहे असे म्हणणे अवघड जाते.

आता तो सामायिक तक्ता. त्यात नावे आहेत, ग्राहक आहेत, आणि आकडे भविष्यातले आहेत. म्हणजे स्पर्धा आयोगाच्या तपास अधिकाऱ्याला हवे ते सारे एकाच ठिकाणी, सदस्यांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेले आहे. युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये डच मोबाइल कंपन्यांच्या प्रकरणात स्पर्धकांची एकच बैठकही संगनमत ठरायला पुरेशी असू शकते असे म्हटले आहे. गप्प बसण्यानेही सुटका होत नाही. लिथुआनियातील एका ऑनलाइन प्रवास-आरक्षण यंत्रणेच्या चालकाने २००९ मध्ये प्रवास एजन्सींना संदेश पाठवला की, यापुढे सवलत ३ टक्क्यांहून अधिक देता येणार नाही. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ज्यांना संदेशाची माहिती होती आणि तरीही ज्यांनी उघडपणे अंग काढून घेतले नाही, त्यांनी संगनमतात भाग घेतला असे मानता येते. उघड विरोध करणे, अधिकाऱ्यांना कळवणे किंवा नियमितपणे जास्त सवलत देत राहणे, हे त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग आहेत. संघटनेच्या व्हॉट्सॲप गटात कुणी ‘अमुक कंपनीला यापुढे कुणीही इतक्याखाली दर देऊ नका’ असे लिहिले, तर सारे सदस्य त्या एजन्सींच्या जागी असतात. अशा वेळी संदेश नुसता खोडून टाकणे पुरेसे नाही. व्यवस्थापकाने त्याच ठिकाणी, संघटना असा कोणताही समन्वय मान्य करीत नाही आणि प्रत्येकाने आपला दर स्वतः ठरवावा, असे लिहून मग चर्चा बंद करावी.

नवख्यांच्या अडचणीचे खरे उत्तर मात्र सर्वेक्षणातही पूर्णपणे सापडत नाही. त्यांना दर काढण्याची पद्धत हवी असते, आणि ती शिकवण्यात कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. वर्षाला किती उत्पन्न हवे, त्यात विमा, निवृत्तीची तरतूद, साधने, सॉफ्टवेअर आणि कर किती. वर्षभरातले पैसे मिळणारे तास किती, आणि पत्रव्यवहार, हिशेब, नवे काम शोधणे यांत जाणारे तास किती. एका तासात सरासरी किती काम होते. या प्रश्नांची उत्तरे भरली की आपल्याला परवडणारा दर समोर येतो. संघटनेने असे गणनपत्रक जरूर द्यावे, फक्त त्यात कोणतेही आकडे आधीपासून भरून ठेवू नयेत. ‘अपेक्षित नफा’ या रकान्यात संघटनेने आधीच एखादी टक्केवारी लिहून ठेवली, तर आडमार्गाने पुन्हा दरच ठरतो. कराराचा नमुना देणेही असेच निर्धोक आहे, जर तो वापरणे ऐच्छिक असेल आणि किमतीची जागा रिकामी असेल. एखाद्या सदस्याने स्वतःच्या संकेतस्थळावर आपले दर जाहीर करणे हा त्याचा एकट्याचा निर्णय आहे. मात्र सर्वांनी ठरवून एकाच आठवड्यात तसे केले, तर तो एकट्याचा निर्णय राहत नाही.

एकत्रितपणे वाटाघाटी करण्याचा मार्ग पूर्ण बंद आहे का? नाही, पण तो देशागणिक वेगळा आहे. नेदरलँड्समध्ये वाद्यवृंदांत बदली वादक म्हणून येणाऱ्या स्वयंरोजगारितांसाठी सामूहिक करारात किमान मोबदला ठरवला गेला होता. युरोपच्या न्यायालयाने ४ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले की, असे वादक तत्त्वतः स्वतंत्र व्यवसायच आहेत. पण ते केवळ नावाला स्वतंत्र असतील आणि त्यांची प्रत्यक्ष स्थिती कामगारासारखीच असेल, तर सवलत मिळू शकते. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने एकट्याने काम करणाऱ्यांच्या सामूहिक करारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कामाच्या उत्पन्नापैकी निम्मे वा अधिक एकाच ग्राहकाकडून मिळवणारे, कामगारांच्या जोडीने तेच काम करणारे आणि डिजिटल मंचांमार्फत काम करणारे यांना त्यांत कामगारांसारखे मानले आहे. शिवाय ग्राहकाची वार्षिक उलाढाल २० लाख युरोंहून अधिक असेल किंवा त्याच्याकडे दहा वा अधिक माणसे असतील, तर इतर एकट्या व्यावसायिकांच्या सामूहिक करारांतही आयोग हस्तक्षेप करणार नाही. आयर्लंडने २०१७ च्या दुरुस्तीने आवाज देणारे कलाकार, ध्वनिमुद्रणासाठी बोलावले जाणारे वादक आणि फ्रीलान्स पत्रकार यांना नावानिशी सवलत दिली. ऑस्ट्रेलियात ३ जून २०२१ पासून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून कमी उलाढाल असलेल्या व्यवसायांना एक साधी सूचना दाखल करून एकत्र वाटाघाटी करता येतात, परंतु सामूहिक बहिष्काराची मुभा त्यात नाही. या सवलतींचा रोख समोरच्या पक्षाबरोबर होणाऱ्या वाटाघाटींवर आणि करारावर आहे. सदस्यांनी आपापसांत किमान दर ठरवून तो सर्व ग्राहकांपुढे ठेवावा, याला त्यांचा आधार घेता येणार नाही, आणि तुमच्या मसुद्यातला तक्ता नेमका तसाच आहे.

भारतीय सदस्यांसाठी एक जोड द्यावी लागेल. कामगार संघटना म्हणून नोंदणी केली की प्रश्न मिटतो, असे काही जण सुचवतात. पश्चिम बंगालमधील चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील कलावंत-तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने एका डब केलेल्या मालिकेच्या प्रक्षेपणाला विरोध केला, तेव्हा तिनेही आपण कामगार संघटना असल्याचा बचाव केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नाव बाजूला ठेवून समितीचे घटक आणि तिची कृती यांकडे पाहिले आणि स्पर्धा आयोगाचा निर्णय कायम केला.

ग्राहकांच्या बाजूनेही हाच नियम लागू आहे, आणि संघटनांनी याचा उपयोग फार कमी केला आहे असे मला वाटते. फ्रीलान्सरांना किती द्यायचे हे दोन कंपन्यांनी आपापसांत ठरवले किंवा त्यासाठी माहितीची देवाणघेवाण केली, तर तेही संगनमत होऊ शकते. चौदा तेल कंपन्यांनी पगाराची माहिती एकमेकांना दिल्याच्या आरोपावरील खटला अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये पुन्हा सुरू करू दिला होता. अनेक कंपन्यांकडून एकाच सुमारास तीच दरकपात आली, तर ती पत्रे तारखांसह जपून ठेवावीत आणि आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार करावी. तक्रार एकत्र येऊन करण्यात काहीच गैर नाही.

तेव्हा सुधारित मसुद्यात मी पुढील मजकूर सुचवतो: ‘या पत्रकातील आकडे मागील वर्षी पूर्ण झालेल्या कामांच्या, त्रयस्थाने गोळा केलेल्या माहितीवर आधारित आहेत. संघटना कोणत्याही दराची शिफारस करीत नाही. सदस्याने कोणता दर आकारावा हा सर्वस्वी त्याचा निर्णय आहे आणि याहून कमी वा अधिक दर घेतल्याने त्याच्या सदस्यत्वावर कोणताही परिणाम होणार नाही.’ यातले शेवटचे वाक्य प्रत्यक्षात पाळले गेले पाहिजे. कमी दर घेणाऱ्याला बैठकीत टोमणे बसत असतील किंवा संघटनेकडे येणारी कामे त्याच्याकडे पाठवली जात नसतील, तर पत्रकावरचा मजकूर बचावाला येणार नाही. सामायिक तक्ता आजच सर्वांसाठी बंद करावा. त्यातील नोंदी मात्र कुणी परस्पर नष्ट करू नयेत, कारण पुढे चौकशी झाली तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच आरोप उभा राहतो. त्यांची एक प्रत वकिलाकडे सोपवावी, आणि ज्या सदस्यांनी त्यात पुढच्या वर्षीचे दर भरले आहेत त्यांना, ते आकडे पाहून कुणीही आपला दर ठरवू नये, असे लेखी कळवावे.